चित्रात जादूचं जंगल कसं रंगवायचं: आधी जंगल, मग जादू

मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह गॅलरीत दोन चित्रं आहेत, दोन्ही 1889 ची, दोन्ही जंगलाची. एक इव्हान शिश्किनचं, पाइनच्या जंगलातली सकाळ, मोडून पडलेल्या झाडावर अस्वलाची पिल्लं खेळतायत. दुसरं व्हिक्टर वास्नेत्सोव्हचं, राजपुत्र एका राजकन्येला घेऊन राखाडी लांडग्यावर बसून घनदाट जंगलातून चाललाय. पहिलं बघून कोणी परीकथा म्हणणार नाही आणि दुसरं बघून कोणी दुसरं काही म्हणणार नाही. पण नुसती झाडं बघा की. वास्नेत्सोव्हची झाडं पण तेवढीच खरी आहेत, जुनी, शेवाळ चढलेली, वजनदार. फक्त काळोख्या जंगलात एका बाजूला सफरचंदाचं झाड फुलांनी बहरलंय, जे तिथे असायचं काही कारण नाही, आणि लांडगा घोड्याएवढा आहे. बास, तेवढंच खोटं. बाकी सगळं खरं.

हा सगळा लेख याच एका गोष्टीवर आहे, कारण बहुतेक जण उलटं करतात. जांभळी झाडं, गुलाबी आकाश, चमकणारे मशरूम, पऱ्या, कंदील, फुलपाखरं, युनिकॉर्न, सगळं एकाच कागदावर, आणि मग म्हणतात जादू वाटत नाहीये. कशी वाटणार, जिथे सगळंच अजब आहे तिथे अजब असं काही उरतच नाही ना. म्हणून क्रम असा: आधी जंगल खरं वाटलं पाहिजे, मग त्यात एक, फार तर दोन गोष्टी बदलायच्या.

मी वॉटरकलर आणि वरून थोडं गॉश (अपारदर्शक जलरंग) असं धरून सांगतोय, पण विचार अ‍ॅक्रिलिकला किंवा डिजिटलला पण तोच लागतो, शेवटी डिजिटलबद्दल थोडं लिहिलंय.

पहिली पायरी: काय खोटं आहे ते एका वाक्यात लिहा

खरंच लिहा, स्केचबुकच्या कोपऱ्यात. "या जंगलात एका झाडाच्या बुंध्याला खिडकी आहे आणि आत कोणीतरी जागं आहे." किंवा "इथे प्रकाश वरून नाही, तळ्याच्या पाण्यातून येतो." किंवा "सगळं नेहमीसारखं आहे पण मुलगी मशरूमपेक्षा लहान आहे." वाक्यात दोनदा "आणि शिवाय" आलं की एक गोष्ट काढून टाका, ती पुढच्या चित्राला ठेवा. या वाक्यावरूनच पुढचं सगळं ठरतं, प्रकाश कुठून, डोळ्याची पातळी कुठे, कुठले रंग आणि सर्वात गडद जागा कुठली, त्यामुळे कंटाळा करू नका.

दुसरी पायरी: झाडं बघून काढा

हा भाग लोक टाळतात आणि नेमकं इथेच चित्र पडतं. मनातून काढलेलं झाड म्हणजे दोन रेघा आणि वर ढगासारखा पाला. परीकथेचं झाड तर जास्तच ओळखून काढावं लागतं कारण त्याला तुम्ही पिळणार, वाकवणार, चेहरा देणार, आणि आधी रचना माहीत असेल तरच पिळता येतं.

आर्थर रॅकहॅम (1867 ते 1939) हा इंग्लिश चित्रकार याचा उस्ताद. त्याच्या झाडांना बोटं असतात, गुडघे असतात, कधी चेहरे असतात, तरी झाड झाडच राहतं. त्याचं कारण असं की मुळं जमिनीत कशी शिरतात, फांदी फुटते तिथे साल कशी गोळा होते, तुटलेल्या फांदीच्या जागी गाठ कशी भरते हे सगळं तो बरोबर काढतो आणि चेहरा त्या गाठीतूनच निघतो. वरून चिकटवलेला वाटत नाही. पातळ शाईची रेघ आणि तिच्यावर फिकट तपकिरी-राखाडी पारदर्शक वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर), एवढ्यावर त्याचं काम चालतं.

तुम्ही काय करायचं, जवळचं कुठलंही जुनं झाड शोधा, बाग असो वा रस्त्याची कड, आणि तीन गोष्टींची वेगवेगळी स्केचेस करा. एक, मुळं आणि जमीन जिथे भेटतात ती जागा. खांब जमिनीत रोवल्यासारखं झाड नसतं, ते खाली पसरत जातं, मुळांच्या मधे खळगे असतात, त्यात पाला साठतो. दोन, फांद्या फुटतात ती जागा. लिओनार्डोने याचा एक नियम नोंदवून ठेवलाय, की एका पातळीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या बुंध्याएवढी भरते. दर वेळी काटेकोर लागू होईल असं नाही, पण हा डोक्यात ठेवला की फांद्या आपोआप योग्य वेगाने बारीक होत जातात, आणि बारीक बुंध्यातून जाडजूड फांद्या फुटायची नेहमीची चूक टळते. तीन, साल. पण साल काढताना सगळ्या बुंध्यावर काढू नका, प्रकाश आणि सावली भेटतात त्या पट्ट्यातच पोत दिसतो, उजेडात तो धुवून निघतो आणि गडद सावलीत हरवतो. तेवढ्याच पट्ट्यात काम केलं की बुंधा गोल पण दिसतो आणि वेळ पण वाचतो.

फोटो रेफरन्सला वापरा, हरकत नाही, पण फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर येतात आणि खऱ्या डोळ्याला त्यात जे रंग दिसतात ते जातात, एवढं लक्षात असू द्या.

तिसरी पायरी: उजेड आत आहे की अंधार आत आहे

जंगल रंगवायचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि थंबनेल (चित्राचा छोटा कच्चा आराखडा) करायच्या आधीच यातला एक निवडायचा, नाहीतर अर्ध्यात गोंधळ होतो.

पहिला, उजेड आत. लांबची झाडं धुक्यात फिकट, निळसर, जवळची गडद. नजर आपोआप आत ओढली जाते, चित्र मोकळं, स्वप्नासारखं वाटतं, आणि वॉटरकलरला हे सोपं कारण फिकटाकडून गडदकडेच जायचंय.

दुसरा, अंधार आत. पुढे जरा उजेड आणि आत जावं तसा काळोख. इटालियन चित्रकार पाओलो उच्चेल्लोचं साधारण 1470 चं रात्रीच्या शिकारीचं चित्र आहे, ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये, लांबलचक आडवं. त्यात शिकारी, घोडे, कुत्रे सगळे धावतायत ते चित्राच्या मधोमध, एका काळ्या खोल बिंदूकडे, आणि त्यांचे लाल कपडे त्या काळोखावर असे पेटतात की शिकार आहे की मंतरलेलं काहीतरी आहे हे कळत नाही. जंगलाची भीती हवी असेल, हरवल्याची भावना हवी असेल, तर हा प्रकार. वॉटरकलरमध्ये कठीण जातो कारण खूप गडद थर लागतात. गॉशने सोपा.

आता थंबनेल. काड्यापेटीएवढे चौकोन, सहा-आठ, आणि फक्त तीन टोन, पांढरा, मधला करडा, काळा. पेन्सिलीने सुरेख शेडिंग करत बसू नका, जाड मार्करने करा म्हणजे तपशील काढायचा मोह होत नाही. बघायचं एवढंच की सर्वात उजळ आणि सर्वात गडद जागा एकमेकींना कुठे चिकटतात, कारण नजर तिथेच जाणार, म्हणजे तुमची "खोटी" गोष्ट तिथे किंवा तिच्या अगदी शेजारी पाहिजे.

कॉम्पोझिशनचं थोडं. आकाश झाका. हा एवढा एक बदल चित्राला परीकथेत ढकलतो. जर्मन चित्रकार आल्टडॉर्फरचं 1510 चं छोटंसं पॅनल आहे म्युनिकला, सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं, उंची 30 सेंटीमीटरपण नाही, आणि त्यात जवळजवळ सगळीकडे पानंच पानं, घोडेस्वार खाली एवढासा, उजवीकडे खाली एक फट आणि तिच्यातून लांबचा डोंगर. बाकी बाहेरचं जग नाहीच. झाडांचे शेंडे कागदाच्या आत मावले की जंगल संपतं कुठे ते कळतं, आणि तेच कळायला नको असतं. बुंधे वरून कापा, बाजूचं एखादं झाड अर्धंच दाखवा.

वाट असेल तर ती थेट मधून सरळ आत नेऊ नका, वळवा आणि वळणावर बुंध्यामागे हरवू द्या. झाडांमधलं अंतर सारखं ठेवू नका, आपला हात सारखं अंतर ठेवायला फार बघतो, कुंपण होऊन जातं. दोन जवळ, एक लांब, एक तिरकं, एक पडलेलं.

आणि स्केल. माणूस किंवा मुलगी काढायची असेल तर वाटतं त्यापेक्षा लहान काढा, चित्राच्या उंचीच्या दहाव्या-बाराव्या भागाएवढी पुरे. डोळ्याची पातळी खाली, गवताच्या जवळ आणली की मशरूम इमारतीसारखे वाटायला लागतात, ती वर नेली तर तेच मशरूम खेळण्यातले दिसतात.

चौथी पायरी: सामान

कागद 300 जीएसएम, कोल्ड प्रेस (थोडा खरखरीत), जमलं तर कॉटनचा, कारण आपण रंग उचलणार आहोत (म्हणजे वाळलेला रंग दमट ब्रशने परत काढणार आहोत) आणि स्वस्त कागदाचे लगेच तंतू सुटतात. चारही बाजूंनी मास्किंग टेप. ब्रश तीनच: एक मोठा पाणी धरणारा, एक मधला गोल, एक रिगर (लांब, बारीक केसांचा) फांद्यांना. शिवाय एक जुना ताठ चपटा ब्रश रंग उचलायला.

रंग कमी ठेवा. माझी यादी: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सायना, क्रिमझन, अल्ट्रामरीन, थॅलो ग्रीन, आणि पांढरा गॉश. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा वापरलात तर सगळं जंगल एकाच दुकानातून आणलेलं दिसतं. थॅलो ग्रीनमध्ये बर्न्ट सायना घाला, छान जुना, ओलसर हिरवा येतो. थॅलो ग्रीन आणि क्रिमझन मिळून जवळजवळ काळा होतो, आणि तो काळ्या ट्यूबपेक्षा कितीतरी जिवंत असतो कारण हवं तसं त्याला हिरव्याकडे किंवा जांभळ्याकडे झुकवता येतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायनाचा करडा धुक्याला आणि सालीला. एक सावधानता, थॅलो ग्रीन कागदाला डाग धरतो, नंतर उचलायला गेलात तर हिरवी छटा राहणारच, म्हणून जिथून पुढे उजेड काढायचाय तिथे पहिल्या थरात तो घालूच नका.

पाचवी पायरी: पहिला वॉश

पेन्सिलीचं ड्रॉइंग हलकं. अगदी पांढरे राहायचे छोटे ठिपके असतील, खिडकी, काजवे, तर मास्किंग फ्लुइड (खाली रंग लागू न देणारं, नंतर घासून काढता येणारं द्रव) लावा. ब्रश आधी साबणात बुडवून मगच फ्लुइडमध्ये घाला नाहीतर ब्रश गेला, कागद पूर्ण कोरडा पाहिजे, आणि वर हेअर ड्रायर मारू नका, ते कागदाला घट्ट धरून बसतं. दिवसचे दिवस तसंच ठेवू पण नका.

मग सगळा कागद स्वच्छ पाण्याने ओला, आणि उजेडाच्या जागेपासून बाहेर बाहेर रंग सोडत जा. उजेडाजवळ फिकट लेमन यलो, मग ऑकर, मग करडा-निळा, कडेला जरा गडद. कुठेही कडक कड नको. बोर्ड थोडा कलता करा आणि हात मागे घ्या. वॉटरकलर वाळून फिका पडतो, तेव्हा ओलं असताना जरा जास्तच वाटलं पाहिजे. पोतासाठी मिठाचे दाणे टाकायचे असतील तर पाण्याची चमक जायला लागते त्याच क्षणी, आधी टाकले तर विरघळून जातात, उशीर झाला तर काहीच होत नाही. एका कोपऱ्यात बरं दिसतं, सगळीकडे टाकलं की फक्त मीठ दिसतं.

सहावी पायरी: झाडांचे थर, लांबून जवळ

पहिला वॉश अजून थोडा दमट असताना सर्वात लांबचे बुंधे घाला, कडा आपोआप फुलतील, तेच हवंय. वाळू द्या. दुसरी रांग कोरड्यावर, थोडी गडद, थोडी उबदार. परत वाळू द्या. तिसरी रांग सर्वात गडद, तिच्यातच पोत, शेवाळ, वेली. तीन पुरेत, पाच-सहा केले की सगळे टोन जवळजवळ येतात आणि चिखल होतो.

बुंध्यांच्या मधे निगेटिव्ह पेंटिंग नक्की करून बघा. म्हणजे झाड न रंगवता झाडामागचा अंधार रंगवायचा, फिकट बुंधा आपोआप उरतो. आत त्याच अंधारात अजून गडद रंगाने अजून मागचे बुंधे कापून काढायचे, असं दोन-तीनदा केलं की जंगलाला जी खोली येते ती फांद्या रेखाटून कधीच येत नाही. स्वीडिश चित्रकार जॉन बाउअरचं 1913 चं जलरंगातलं चित्र आठवा, तुव्हस्टार नावाची राजकन्या काळ्या तळ्याकाठी बसून पाण्यात बघतेय, हरवलेलं सोन्याचं हृदय शोधत. तिच्या अंगावर कुठेही चमक वगैरे काही नाही, फक्त भोवती सगळं इतकं गडद आणि शांत आहे की ती फिकट आकृतीच उजेड वाटते. मागची उभी झाडं पण अगदी साधी, काही सजावट नाही. बाउअर स्वीडनमधल्या स्मोलांडच्या जंगलात वाढलेला होता आणि ते कळतं.

सातवी पायरी: उजेड, इथे घाई नको

चमक पांढऱ्या रंगाने येत नाही, ती शेजारच्या गडदपणाने येते. समजा बुंध्यातली खिडकी आहे. मधला भाग कोरा कागद किंवा अगदी फिकट पिवळा. त्याच्याभोवती पाण्याने ओलं करा, कडेला लेमन यलो, त्याच्या बाहेर पिवळ्यात किंचित क्रिमझन घालून केलेला नारिंगी, त्याच्याबाहेर बर्न्ट सायना, आणि मग बाहेरचा गडद. सर्वात तीव्र रंग मधे नसतो, तो या नारिंगी कड्यात असतो, मधे तर उजेड इतका असतो की रंग धुवून गेलेला असतो. हे उलटं केलं, म्हणजे मधे गडद पिवळा आणि बाहेर फिकट, तर खिडकी पेटत नाही, पिवळा कागद चिकटवल्यासारखी दिसते. आणि ओल्या पिवळ्याला निळा लागू देऊ नका, दिव्याभोवती हिरवं वलय येईल. वाळल्यावर मग निळा ग्लेझ (वरून दिलेला पातळ पारदर्शक थर).

मग तो उजेड शेजाऱ्यांवर पडला पाहिजे. खिडकीकडे तोंड असलेल्या बुंध्यांच्या कडेला नारिंगी रेघ, पानांच्या खालच्या बाजूला थोडा, वाटेवर एक पट्टा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे जवळच्या झाडावर ठसठशीत, पुढच्यावर जेमतेम, त्याच्या पुढे काही नाही. सावल्या दिव्यापासून चहूबाजूंना पसरतात, सगळ्या एका दिशेला नाही.

सूर्याची किरणं हवी असतील तर हवेत धुकं किंवा धूळ पाहिजे, नुसत्या स्वच्छ हवेत किरण दिसत नाही. ती असतात समांतर, पण पर्स्पेक्टिव्हमुळे (समांतर रेघा लांब एकत्र येताना दिसतात तसं) सूर्यापासून पंख्यासारखी पसरलेली दिसतात, म्हणून पेन्सिलीने सूर्याचा बिंदू ठरवा, कागदाच्या बाहेर असला तरी, आणि सगळी किरणं तिथूनच काढा. काढायची कशी तर वाळलेल्या रंगावर कागदाचे दोन तुकडे ठेवून मधे बारीक फट, चपट्या दमट ब्रशने घासायचं, टिश्यूने टिपायचं. किरण गडद भागावरच दिसतो, उजळ जागेवर तो हरवू द्या.

चांदण्याचं वेगळं आहे. कमी उजेडात डोळ्याला लाल रंग आधी काळवंडलेला दिसायला लागतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ, याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. म्हणजे चांदण्यात लाल टोपी लालभडक रंगवली की चित्र दिवसाचं वाटतं. लाल पाहिजेच असेल तर तिच्या हातात कंदील द्या, त्याच्या उजेडात लाल लाल दिसेल.

आठवी पायरी: ती एक खोटी गोष्ट

आता पहिल्या पायरीतलं वाक्य काढून वाचा. मशरूम घेऊ उदाहरणाला, कारण सगळ्यांना तोच हवा असतो, लाल, वर पांढरे ठिपके. तो खरा आहे, बर्च आणि पाइनच्या मुळांशी जोडीने वाढतो. ते ठिपके रंग नसतात, कोवळेपणी सगळ्या मशरूमभोवती जे पांघरूण असतं त्याचे फाटून उरलेले तुकडे असतात. म्हणून ते उंचवट्यासारखे काढा, प्रत्येकाला खालून छोटी सावली, मधे मोठे, आणि टोपीच्या कडेकडे जाताना चपटे, कारण टोपी गोल वळतेय. काही ठिकाणी पावसाने धुवून गेलेले दाखवा. एवढं केलं की तोच मशरूम खेळण्यातला न वाटता जंगलातला वाटतो, आणि मग त्याच्या देठाला छोटं दार काढलं तर बघणारा मान्य करतो.

चमकणारी बुरशी पण खरीच असते, पण ती हिरवट चमकते. निळी-जांभळी चमक काढायची तर काढा, ती तुमची खोटी गोष्ट समजा आणि मग दुसरी नको.

काजवे, उडणारे कण यासाठी पांढऱ्या गॉशमध्ये थेंबभर लेमन यलो, टूथब्रशने उडवा, बाकी चित्र कागदाने झाकून. गॉशचे फिके रंग वाळून थोडे गडद होतात, वॉटरकलरच्या उलट, तेव्हा आधी कडेच्या टेपवर ट्राय करा. मोठे कण कमी, बारीक जास्त, आणि उजेडाजवळच दाट.

नववी पायरी: कमी करा

चित्र उभं करा, लांब जा, डोळे बारीक करा. नाहीतर मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. जे दोन-तीन ठिपके उगाच ओरडतात ते एका पातळ गडद ग्लेझने दाबा. पुढच्या गवताची पाती मोजता येत असतील तर निम्मी बुजवा. अर्धं जंगल हरवलेलं बरं असतं.

हे सगळं वलय आणि चमक यातलं काहीच आवडत नसेल तर दुसरा रस्ता आहे, रशियन चित्रकार इव्हान बिलिबिनचा (1876 ते 1942), स्वच्छ काळी बाह्यरेषा, आत सपाट रंग, भोवती नक्षीची चौकट. तिथे उजेड नसतोच, आकार आणि लय यावरच सगळं. झाडं बघून काढायची अट मात्र तिथेही सुटत नाही.

डिजिटलवाल्यांसाठी: लांब, मधली, जवळची झाडं वेगळ्या लेयरवर, प्रत्येक लेयरच्या मधे एक धुक्याचा लेयर मोठ्या मऊ ब्रशने. लेयरचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये रंग कसा मिसळायचा तो पर्याय) सावल्यांना मल्टिप्लाय, चमकेला स्क्रीन. कलर डॉज फार जपून, एका स्ट्रोकमध्ये सगळं प्लास्टिक होतं. आणि झाडांचे तयार ब्रश शिक्क्यासारखे मारू नका, एकच फांदी तीनदा आली की डोळा पकडतो.

टेप काढताना

पूर्ण वाळू द्या, हाताची मागची बाजू लावून गार लागलं तर अजून ओलं आहे. मास्किंग फ्लुइड आधी काढा, बोटाने हलकं घासून, आणि उरलेल्या पांढऱ्या भोकांच्या कडा दमट ब्रशने मऊ करा, ते तसेच ठेवले तर कापल्यासारखे दिसतात. टेपवर हेअर ड्रायर जरा फिरवा म्हणजे गोंद सैल होतो, मग चित्रापासून बाहेरच्या दिशेने, कागदाला लगटून, हळू ओढा. कागद वाकला असेल तर चित्र पालथं करून मागून स्पंजने किंचित ओलसर करा, दोन कोऱ्या कागदांमधे घालून वर जाड पुस्तकं, रात्रभर. वर गॉशचे जाड थेंब दिले असतील तर वजन जरा कमीच ठेवा, नाहीतर ते निघून कागदाला चिकटतात.